वाजले किती आणि लागले किती : डेटाबेसमध्ये कालावधी साठवणं आणि त्याची बेरीज

‘साडेतीन वाजले’ आणि ‘साडेतीन तास लागले’ यांत बोलताना कुणाची गल्लत होत नाही. डेटाबेसमध्ये मात्र सर्रास होते, कारण पडद्यावर दोन्ही ०३:३०:०० असंच दिसतं. पहिलं घड्याळातलं ठिकाण आहे, दुसरं मोजमाप आहे. ठिकाणांची बेरीज होत नाही, मोजमापांची होते. नवख्या माणसाला कॉलम बनवताना यादीत ‘टाइम’ नावाचा टाइप (माहितीचा प्रकार) दिसतो, तो निवडला जातो आणि महिन्याच्या शेवटी एकूण तास जुळत नाहीत.

हा लेख हजेरी, टाइमशीट, कॉल सेंटरचे कॉल, व्हिडिओंची लांबी, यंत्र चालू राहिल्याचा वेळ अशा कुठल्याही नोंदींना लागू पडतो. फंक्शनची आणि टाइपची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी चूक डोळ्यांनी पाहा

एका टेबलात तीन नोंदी टाका : ०१:४५:००, ०२:५०:०० आणि ००:४०:००. हाताने केलेली बेरीज ५ तास १५ मिनिटं. आता कॉलमवर थेट ‘सम’ (बेरजेचं फंक्शन) लावून पाहा. उत्तर डेटाबेसगणिक वेगळं येतं.

मायएसक्यूएलमध्ये कॉलम ‘टाइम’ टाइपचा असेल तर उत्तर येतं ४३५००. बेरजेच्या वेळी ०१:४५:०० या किमतीचा १४५०० असा साधा आकडा होतो, ०२:५०:०० चा २५००० आणि ००:४०:०० चा ४०००. त्यांची बेरीज ४३५००. हा आकडा पुन्हा वेळ म्हणून वाचला तर ४ तास ३५ मिनिटं. उत्तर दिसायला अगदी बिनचूक आहे, आणि चाळीस मिनिटांनी कमी आहे. ही चाळीस मिनिटं कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. मिनिटांची बेरीज १३५ झाली. वेळेच्या हिशेबात साठाला हातचा घ्यायला हवा होता, साध्या आकड्यांच्या बेरजेने तो शंभराला घेतला. असा एक हातचा चुकला की नेमकी ४० मिनिटं गळतात. बेरीज ४२७५०० वगैरे आली तर मिनिटांच्या जागी ७५ दिसतात आणि चूक लगेच पकडली जाते. आमच्या ४३५०० सारखी आली तर ती पगारपत्रकापर्यंत पोचते.

एसक्यूलाइटमध्ये वेळेसाठी वेगळा टाइपच नाही, त्यामुळे या किमती मजकूर म्हणून बसतात. बेरीज करताना मजकुराच्या सुरुवातीचा जेवढा भाग आकडा म्हणून वाचता येतो तेवढाच घेतला जातो. म्हणजे १, २ आणि ०. उत्तर ३. मिनिटं गेली, आणि एरर काही नाही.

एसक्यूएल सर्व्हर सरळ नकार देतो : ‘टाइम’ टाइपवर ‘सम’ चालत नाही. नवशिक्याला याचा वैताग येतो, पण या तिघांत हाच सगळ्यांत प्रामाणिक आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कॉलम ‘इंटरव्हल’ टाइपचा असेल तर उत्तर ०५:१५:०० येतं, म्हणजे बरोबर. इंटरव्हल हा टाइप मुळात कालावधीसाठीच केलेला आहे. त्याच्याही खोड्या आहेत, त्या पुढे येतील.

या तीन नोंदी जपून ठेवा. पुढे लिहिलेली प्रत्येक क्वेरी आधी यांच्यावर चालवून १८,९०० सेकंद येतात का ते पाहायचं.

पायरी १ : सुरुवात-शेवट साठवायचा की नुसता कालावधी?

काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे माहीत असेल, तर दोन्ही क्षण तारखेसकट साठवा. कालावधी त्यातून केव्हाही काढता येतो, पण कालावधीतून क्षण परत मिळत नाहीत. रात्री किती काम झालं, दोन नोंदी एकमेकींवर चढल्या का, हे प्रश्न नंतर हमखास येतात आणि त्यांना क्षण लागतात.

व्हिडिओची लांबी किंवा ‘या कामाला अंदाजे दोन तास’ अशा नोंदीला सुरुवात-शेवट नसतोच. तिथे नुसता कालावधी ठेवायचा.

दोन्ही ठेवायचं असेल तर कालावधीचा कॉलम हाताने भरू नका. कोणीतरी शेवटची वेळ दुरुस्त करतं, कालावधी तसाच राहतो, आणि मग दोघांपैकी खरं कोण हे कुणालाच सांगता येत नाही. मायएसक्यूएल ५.७ पासून आणि पोस्टग्रेएसक्यूएल १२ पासून जनरेटेड कॉलम मिळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याला कॉम्प्युटेड कॉलम म्हणतात. त्यात सूत्र एकदा लिहिलं की डेटाबेस स्वतःच हिशेब जुळता ठेवतो.

पायरी २ : एकक ठरवा आणि ते कॉलमच्या नावात घाला

बहुतेक ठिकाणी पूर्णांकात सेकंद हा निर्धोक पर्याय आहे. दीड तास म्हणजे ५,४००, सव्वा तास ४,५००, पाऊण तास २,७००. पूर्णांकांची बेरीज कुठल्याही डेटाबेसमध्ये सारखीच होते, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नीट लागतो आणि डेटा दुसरीकडे हलवताना भाषांतर करावं लागत नाही. मिनिटापेक्षा बारीक नोंद कधीच होणार नसेल तर मिनिटं चालतील, पण ‘कधीच’ हा शब्द जपून वापरा. सेकंदांत साठवून मिनिटांत दाखवणं सोपं, उलट होत नाही. आवाज, व्हिडिओ किंवा सर्व्हरच्या प्रतिसादाचा वेळ असेल तर मिलिसेकंद.

कॉलमचं नाव नुसतं ‘ड्युरेशन’ ठेवू नका. ‘ड्युरेशन_सेकंद्स’ किंवा ‘ड्युरेशन_एमएस’ असं एककासकट ठेवा. एका प्रोग्रॅमने त्यात सेकंद भरले आणि दुसऱ्याने मिलिसेकंद, की आकडे हजारपटीने विस्कटतात, आणि मागाहून कुठली ओळ कुणाची हे ओळखणं कठीण.

तासांचे दशांश साठवायचा मोह टाळा. वीस मिनिटं म्हणजे ०.३३३३… तास, हा आकडा कुठेतरी तोडावाच लागतो. दोन दशांशांत ०.३३ ठेवलं तर वीस-वीस मिनिटांच्या तीन नोंदींची बेरीज ०.९९ तास होते. फ्लोट (दशांश अंदाजे साठवणाऱ्या) टाइपने ही अडचण सुटत नाही, फक्त खोल दडते. तास दशांशात लागतातच, पण ते दाखवताना किंवा दराने गुणताना.

‘टाइम’ टाइप का नको, हे आता टाइपच्या मर्यादांमधून बघू. एसक्यूएल सर्व्हरचा ‘टाइम’ एका दिवसातच मावतो : २३:५९:५९.९९९९९९९ च्या पुढे जात नाही. मायएसक्यूएलचा ‘टाइम’ उणे ८३८:५९:५९ पासून ८३८:५९:५९ पर्यंत जातो, म्हणजे तो कालावधीसाठी वापरता यावा असा हेतू दिसतो, आणि एकेका नोंदीला तो पुरतोही. पण बेरजेला पुरत नाही. पाच जणांचे महिन्याचे प्रत्येकी १६८ तास म्हणजे ८४० तास. उत्तर ८३८:५९:५९ वर अडकून बसतं. स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारण्याची सेटिंग) बंद असेल तर ‘८५०:००:००’ भरतानाही तेच होतं : एक वॉर्निंग येते आणि किंमत मर्यादेवर छाटली जाते.

पोस्टग्रेएसक्यूएल एवढाच डेटाबेस वापरायचा हे पक्कं असेल तर इंटरव्हल बिनदिक्कत घ्या. त्याची आतली रचना मात्र ठाऊक हवी. एक इंटरव्हल १६ बाइटचा असतो आणि त्यात तीन गोष्टी सुट्या ठेवलेल्या असतात : महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद. महिना २८ दिवसांचाही असतो आणि ३१ चाही, आणि घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांत दिवस २३ किंवा २५ तासांचा होऊ शकतो. म्हणून हे तीन कप्पे आपोआप एकमेकांत मिसळत नाहीत. ‘१ दिवस’ आणि ‘२४ तास’ यांची बेरीज ‘१ दिवस २४:००:००’ अशी येते. त्यातून ‘एक्स्ट्रॅक्ट’ने तास मागितले तर २४ मिळतात, ४८ नाही. एकूण वेळ हवा असेल तर तास न मागता ‘इपॉक’ मागायचा. तो सगळे कप्पे सेकंदांत उतरवून देतो. दिवस पाडून दाखवायचे असतील तर ‘जस्टिफाय_अवर्स’.

ओरॅकलमध्ये ‘इंटरव्हल डे टू सेकंद’ आहे, पण दिवसांच्या जागी ठरलेली अचूकता दोन अंकांची, म्हणजे ९९ दिवसांपर्यंत. त्यावर ‘सम’ चालण्याची सोय २३एआय आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत सेकंदांचा नंबर कॉलम हाच सरळ रस्ता.

कॉलम बनवतानाच दोन अटी घाला : किंमत शून्यापेक्षा कमी नको, आणि एका नोंदीची शहाणी कमाल मर्यादा हवी. कामाच्या एका पाळीला ८६,४०० सेकंद, म्हणजे २४ तास, पुरेशी सैल आहे. मिलिसेकंद चुकून सेकंदांच्या कॉलमात आले तर याच अटीवर ते आपटतात. मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती तपासा : ८.०.१६ च्या आधी ‘चेक’ची अट लिहिता येत होती, चूकही दाखवली जात नव्हती, पण ती पाळलीही जात नव्हती.

पायरी ३ : माणसाने लिहिलेलं वाचणं

सगळ्यांत जास्त कचरा इथून शिरतो. ‘१.३०’ घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा दीड तास असतो. प्रोग्रॅम तो १.३ तास, म्हणजे १ तास १८ मिनिटं धरतो. फरक फक्त बारा मिनिटांचा, म्हणून डोळ्यांत भरत नाही. ‘१:३०’ हाही दुटप्पी आहे : तास-मिनिटं की मिनिटं-सेकंद? टाइमशीटमध्ये पहिला अर्थ, गाण्याच्या यादीत दुसरा.

मायएसक्यूएल याबाबत स्वतःचेच नियम लावतो. ‘११:१२’ असा कोलनसह मजकूर दिला तर तो ११ तास १२ मिनिटं. कोलन काढून ‘१११२’ दिलं तर ११ मिनिटं १२ सेकंद. एकाच फाइलमधल्या दोन ओळींत एक कोलन राहिला आणि एक गळला, तर साठपट फरक पडतो आणि दोन्ही ओळी विनातक्रार आत जातात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये इंटरव्हलला नुसतं ‘९०’ दिलं तर ते ९० सेकंद धरले जातात, मिनिटं नाहीत.

उपाय साधा आहे : अर्थ लावायचं काम डेटाबेसवर टाकू नका. फॉर्मवर तास आणि मिनिटं यांच्या दोन वेगळ्या चौकटी द्या, मिनिटांच्या चौकटीत ० ते ५९ एवढंच घ्या, आणि तास × ३,६०० + मिनिटं × ६० हा हिशेब आपल्या कोडमध्ये करून तयार पूर्णांक डेटाबेसकडे पाठवा. एकच चौकट ठेवायची असेल तर बिंदू असलेला मजकूर नाकारा आणि समजलेला अर्थ शेजारी लगेच लिहून दाखवा : ‘१ तास ३० मिनिटं’. चूक लिहिणाऱ्यालाच तिथल्या तिथे दिसते.

मराठी कीबोर्डवरून येणारे देवनागरी आकडे हा आपल्याकडच्या ॲपमधला खास फटका. माणसाला ‘१:३०’ स्पष्ट दिसतं, पण एसक्यूएलमधलं मजकुराचं आकड्यांत रूपांतर रोमन आकडेच ओळखतं. कुठे एरर येते, कुठे गुपचूप शून्य. मजकूर हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे ० ते ९ हे देवनागरी आकडे बदलून घेणं.

स्प्रेडशीटमधून डेटा येणार असेल तर आणखी एक गोष्ट. एक्सेल वेळ दिवसाच्या अपूर्णांकात ठेवतं : १२ तास म्हणजे ०.५. हा आकडा ८६,४०० ने गुणून जवळच्या पूर्णांकात आणायचा. नुसता अपूर्ण भाग छाटला तर ५,३९९ सारखे एक सेकंदाने कमी आकडे निघतात. आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराची फाइल) करताना पडद्यावर दिसतं तेच फाइलमध्ये जातं. साध्या तास-मिनिट फॉरमॅटमध्ये २७:३० चा सेल ३:३० असा दिसतो, म्हणजे फाइलमध्येही ३:३० आणि एक आख्खा दिवस गायब. निर्यात करण्यापूर्वी त्या कॉलमचा फॉरमॅट तासाचं अक्षर चौकटी कंसात घालून बदला. मग चोवीसच्या पुढचे तास दिसतात.

पायरी ४ : दोन क्षणांमधलं अंतर

तारीख न ठेवता फक्त वेळ ठेवली तर पहिल्याच रात्रपाळीला हिशेब कोसळतो. २२:०० ते ०६:०० ची वजाबाकी उणे १६ तास. ‘उणे आलं तर २४ मिळवा’ ही ठिगळपट्टी ८ तास काढून देते, पण चुकून उलट भरलेल्या वेळाही तिच्यामुळे खऱ्या वाटू लागतात. तारीख ठेवली की प्रश्नच उरत नाही.

अंतर काढणारी फंक्शनं दिसायला सारखी आणि वागायला वेगळी आहेत. १०:००:५९ ते १०:०१:०० हे एका सेकंदाचं अंतर मिनिटांत विचारा. एसक्यूएल सर्व्हरचं ‘डेटडिफ’ १ सांगतं, कारण ते मिनिटाची सीमा किती वेळा ओलांडली ते मोजतं. मायएसक्यूएलचं ‘टाइमस्टॅम्पडिफ’ ० सांगतं, कारण ते पूर्ण झालेली मिनिटं मोजतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून अंतर सेकंदांत काढायचं आणि मिनिटं-तास नंतर पाडायचे. ‘डेटडिफ’ने तास मागून पगार काढणाऱ्या क्वेऱ्या १०:५९ ते ११:०१ या दोन मिनिटांचा एक तास मोजतात.

मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमडिफ’ही आहे, पण त्याचं उत्तर ‘टाइम’ टाइपचं, म्हणजे पुन्हा ८३८ तासांची भिंत. ओरॅकलमध्ये दोन ‘डेट’ वजा केल्या की दिवसांचा अपूर्णांक मिळतो. ८६,४०० ने गुणून ‘राउंड’ करा. एसक्यूलाइटमध्ये ‘ज्युलियनडे’च्या वजाबाकीलाही तेच लागू, ३.३८ आवृत्तीपासून ‘युनिक्सइपॉक’ हे फंक्शन थेट पूर्णांक सेकंद देतं, ते जास्त स्वच्छ.

क्षण यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा. वर्षातून दोनदा घड्याळ बदलणाऱ्या देशांत स्थानिक वेळेनुसार ०१:०० ते ०४:०० हे वसंतातल्या त्या एका रात्री दोनच तास असतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टाइम झोनसह असलेला टाइमस्टॅम्प वापरला की वजाबाकी खऱ्या गेलेल्या वेळेची होते.

प्रोग्रॅममधल्या छोट्या कामाचा वेळ मोजत असाल तर सिस्टिमचं घड्याळ वापरू नका. ते इंटरनेटवरून जुळवलं जात असतं आणि मध्येच मागे सरकू शकतं. डेटाबेसमध्ये उणे तीन मिलिसेकंदांच्या नोंदी येतात त्या अशाच. बहुतेक भाषांत फक्त पुढेच जाणारं मोनोटॉनिक घड्याळ असतं, ते यासाठीच.

पायरी ५ : बेरीज

सेकंदांचा कॉलम असेल तर बेरीज म्हणजे नुसतं ‘सम’. आधीच ‘टाइम’ कॉलम गळ्यात पडला असेल तर मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक किंमत ‘टाइम_टू_सेक’मधून काढून मग ‘सम’ करा. क्रम महत्त्वाचा : आधी सेकंद, मग बेरीज. उलट केलंत की पुन्हा ४३५०० वालीच चूक.

क्वेरी चालली आणि आकडा आला म्हणजे बेरीज बरोबर आहे असं नाही. चुका बहुतेक फंक्शनबाहेरच्या असतात.

जॉइनमुळे ओळी दुप्पट होणं ही पहिली. कामांच्या टेबलाला टॅगांचं टेबल जोडलं आणि एका कामाला दोन टॅग असले, तर त्याचा वेळ दोनदा धरला जातो. यावर ‘डिस्टिंक्ट’ लावून केलेली बेरीज हा उपाय नाही, उलट नवी चूक आहे : खरोखरच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन नोंदी असतील तर ती त्यातली एक खाऊन टाकते. वेळेची बेरीज आतल्या क्वेरीत कामागणिक करून घ्या, टॅग बाहेरून जोडा.

दुसरी, चढलेल्या नोंदी. एकाच माणसाचे दोन टायमर, १०:०० ते १२:०० आणि ११:०० ते १३:००. कालावधींची बेरीज ४ तास; माणूस मात्र तीनच तास बसला होता. काय मोजायचं ते आधी विचारून घ्या, कारण ‘प्रकल्पांवर लागलेला वेळ’ या प्रश्नाला ४ हेही बरोबर उत्तर असू शकतं. माणसाचे तास हवे असतील तर नोंदी सुरुवातीनुसार लावायच्या, प्रत्येक नोंदीसाठी तिच्या आधीच्या सगळ्या नोंदींचा सर्वांत उशिराचा शेवट विंडो फंक्शनने (आजूबाजूच्या ओळी पाहून हिशेब करणाऱ्या फंक्शनने) काढायचा, आणि नवी सुरुवात त्याच्याही पुढे असेल तिथेच नवा गट सुरू करायचा. गटाची पहिली सुरुवात ते शेवटचा शेवट एवढा वेळ धरायचा. फक्त लगतच्या मागच्या नोंदीचा शेवट पाहून भागत नाही. मोठ्या नोंदीच्या पोटात एखादी छोटी असली की फसतं. पोस्टग्रेएसक्यूएल १४ पासून हेच काम ‘रेंज_ॲग’ करून देतं.

तिसरी, मध्यरात्र. २२:३० ते ०१:१५ ही नोंद ९,९०० सेकंदांची. दिवसागणिक बेरीज सुरुवातीच्या तारखेवर केली तर सगळा वेळ पहिल्या दिवसावर पडतो. खरा वाटा ५,४०० आणि ४,५०० असा आहे. अहवाल दिवसवार असेल तर नोंद मध्यरात्रीला तोडावी लागते, आणि कुणाची मध्यरात्र तेही ठरवावं लागतं, कारण साठवण यूटीसीत आहे.

अजून चालू असलेल्या कामाला शेवट नसतो, म्हणून त्याचा कालावधी ‘नल’, म्हणजे किंमतच नाही. ‘सम’ त्याला वगळतं, ते ठीक. पण एकही ओळ नसेल तर ‘सम’ शून्य देत नाही, ‘नल’ देतं. ‘कोअलेस’ने शून्य करून घ्या. चालू कामाला तात्पुरतं शून्य भरून ठेवू नका, सरासरी खाली येते.

आकडा मावण्याचा मुद्दा एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी नीट वाचावा. तिथे ‘इंट’ (साध्या पूर्णांकाच्या) कॉलमची बेरीजही ‘इंट’च होते, आणि तिची कमाल २,१४,७४,८३,६४७. सेकंदांत ही मर्यादा ६८ वर्षांची, सहसा कुणी शिवत नाही. मिलिसेकंदांत मात्र ती जेमतेम ५९६ तास; दहा जणांचे साठ-साठ तास मिळवले की ओव्हरफ्लो. ‘सम’च्या आत ‘बिगइंट’ (मोठा पूर्णांक) करून घ्या. ‘डेटडिफ’ने मिलिसेकंद काढतानाही हीच भिंत २४ दिवसांच्या थोडी पुढे लागते, त्यासाठी २०१६ आवृत्तीपासून ‘डेटडिफ_बिग’ आहे. पोस्टग्रेएसक्यूएल अशी बेरीज आपणहून मोठ्या टाइपमध्ये करतं.

पूर्णांकात आणणं शेवटी. चाळीस सेकंदांचे पाच कॉल प्रत्येकी वरच्या मिनिटाला नेले तर ५ मिनिटं. आधी मिळवले तर ३ मिनिटं २० सेकंद. करारातच ‘प्रत्येक कॉल पूर्ण मिनिटांत’ असं असेल तर तसंच करा, पण बिलाची मिनिटं वेगळ्या कॉलमात ठेवा आणि मूळ सेकंदांना हात लावू नका.

पायरी ६ : दाखवणं

१८,९०० हा आकडा माणसाला दाखवायचा नसतो. ३,६०० ने भागून पूर्ण भाग तास, बाकीला ६० ने भागून मिनिटं, उरलेले सेकंद. इथे : ५, बाकी ९००, म्हणजे १५ मिनिटं, शून्य सेकंद. मायएसक्यूएलमध्ये तिरकी रेघ अपूर्णांकासह भागाकार देते, म्हणून ‘डिव्ह’ वापरा. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. याच गुणामुळे दराने गुणताना तिथे उलटा फटका बसतो : ५,४०० भागिले ३,६०० म्हणजे १, आणि अर्ध्या तासाचे पैसे गेले. भाजक ३६००.० असा लिहा.

‘सेक_टू_टाइम’ सोयीचं आहे, पण तेही ८३८:५९:५९ ला थांबतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकूण सेकंद शून्य तारखेत मिळवून ‘टाइम’मध्ये बदलण्याची युक्ती बरीच फिरते, तिच्यात २७:३० चे ०३:३० होतात. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘टू_चार’मध्ये तासांसाठी चोवीस तासवाला नमुनाच घ्या, बारा तासवाल्यात शून्य तास आणि छत्तीस तास दोन्ही १२ असे छापले जातात.

सेकंदांना अपूर्णांक असेल तर आधी एकूण आकडा पूर्ण करा, मग तोडा. आधी तोडून सेकंद पूर्ण केले तर १:५९:५९.६ चं १:५९:६० होतं.

फरक दाखवायचे असतील, म्हणजे ठरलेल्या तासांपेक्षा कमी-जास्त, तर उणे आकडे येणार. उणे ५,४०० सरळ तोडलं तर एसक्यूएलमध्ये बहुधा तास उणे १ आणि मिनिटं उणे ३० निघतात. पायथॉनमध्ये तास उणे २ आणि मिनिटं अधिक ३०. चिन्ह बाजूला काढा, ‘ॲब्स’ने धन आकडा तोडा, शेवटी चिन्ह पुढे चिकटवा.

जुनं टेबल बदलायचं असेल तर

चालू टेबलातला मजकुराचा किंवा ‘टाइम’चा कॉलम जागच्या जागी बदलू नका. शेजारी सेकंदांचा नवा कॉलम घ्या, ‘नल’ चालेल असा. मग जुन्या किमतींचे साचे मोजा : कोलन असलेल्या किती, बिंदू असलेल्या किती, नुसता आकडा किती, रिकाम्या किती. ही मोजणी न करता रूपांतर करणं म्हणजे अंधारात हात घालणं. प्रत्येक साच्यासाठी वेगळी ‘अपडेट’ चालवा आणि तिने बदललेल्या ओळी मोजणीशी ताडून पाहा. कुठल्याच साच्यात न बसलेल्या ओळींचा नवा कॉलम ‘नल’च राहू द्या, त्यांची यादी ज्याने नोंदी भरल्या त्याच्यापुढे ठेवा, अंदाजाने भरू नका.

त्यानंतर एका महिन्याची जुनी आणि नवी बेरीज शेजारी-शेजारी काढा. त्या जुळणार नाहीत, कारण जुनी चुकत होती. फरक माणसागणिक काढून दोन-तीन जणांच्या नोंदी हाताने मिळवून बघा. फरक नेमका ४० मिनिटांच्या पटीत निघाला तर तो साठाऐवजी शंभरावर घेतलेला हातचा. १२ मिनिटांचा असेल तर एखादा ‘१.३०’ कुठेतरी दशांश म्हणून वाचला गेला आहे. पूर्ण २४ तासांचा असेल तर स्प्रेडशीटच्या फाइलकडे वळा.

सगळे फरक समजले की लिहिणारे प्रोग्रॅम नव्या कॉलमवर आणा, मग वाचणारे. जुना कॉलम निदान एक पूर्ण महिनाअखेर उलटेपर्यंत काढू नका, फक्त त्याचं नाव बदला. कुठलातरी विसरलेला अहवाल अजून त्याच्यावर चालत असेल तर तो त्या दिवशी एरर देऊन स्वतःच समोर येतो.